उभ्या बाटलीचं बूच

मी एक बूच आहे, मित्रांनो. लांबीला तुमच्या बोटाची दोन पेरं. एका टोकाला गडद लाल, दुसऱ्या टोकाला धुरानं काळं, आणि अंगावर एक उभी चीर. एटापल्लीच्या पुढे जंगलात एक गाव आहे. तिथल्या एका मातीच्या भिंतीच्या कोनाड्यात, फणी आणि सुईदोऱ्याच्या शेजारी मी राहतो. बुचानं कसली कहाणी सांगायची, असं तुमच्या मनात आलं असेल. येऊ द्या. तुमच्या घरी बाटलीचं झाकण हरवलं की तुम्ही कापडाचा बोळा कोंबता आणि विसरून जाता. आम्हा बुचांचं तसं नसतं. आमच्या भरवशावर माणसं एखादी वस्तू वर्षानुवर्षं ठेवून देतात आणि निर्धास्त होतात. निर्धास्त व्हायला नको, हे मला आता कळलं आहे.

मी मूळचा स्पेनचा. तिथल्या पश्चिमेच्या डोंगरउतारांवर ओकच्या जातीचं एक झाड असतं. त्याची साल दोन बोटं जाड आणि दाबली तर दबणारी. मी त्या सालीत होतो. उन्हाळ्यात कुऱ्हाडी घेतलेली माणसं येत आणि साल इतक्या हलक्या हातानं सोलत की आतल्या खोडाला ओरखडासुद्धा उठू नये. झाड मग काही दिवस उघडंवाघडं, लालभडक उभं राही. पण मरत नसे. नऊ-दहा वर्षांत नवी साल धरे. आमची साल निघाली, उकळली, सपाट झाली, आणि एका यंत्रानं तिच्यातून माझ्यासारखी पुष्कळ बुचं पाडली. एका बाईनं मला उजेडात धरून फिरवलं, कुठे भोक दिसतं का ते पाहिलं, आणि चांगल्यांच्या टोपलीत टाकलं. मी फुशारलो. वय लहान होतं.

मग मला तोरो नावाच्या गावी नेलं. तिथे द्राक्षाच्या वेली मांडवावर चढत नाहीत, जमिनीलगत बुटक्या आणि वाकड्या उभ्या असतात. पाऊस कमी, ऊन कडक. द्राक्षं लहान, जाड सालीची, रसाला जवळजवळ काळी. त्यांची वाइन जबर असते, पहिल्या घोटाला माणसाला दटावते. वर्षभर ती लाकडी पिंपात राहिली, मग बाटलीत आली, आणि बाटलीच्या गळ्यात मला दाबून बसवलं. तेव्हापासून माझं एक टोक तिच्याकडे आणि दुसरं जगाकडे.

माझं काम नीट समजून घ्या. बाटली आडवी ठेवली की वाइन माझ्या अंगाला लागून राहते. मी ओला राहतो, फुगतो, काचेला गच्च बसतो. हवा आत जाते ती अगदी नावापुरती. तेवढ्या हवेनं वाइन पिकते, तिचा तुरटपणा हळूहळू निवतो. पण बाटली उभी ठेवली, त्यातही उष्ण जागी, तर मी वाळतो आणि आक्रसतो. मग हवा मोकळी शिरते आणि आतल्या वाइनचं आंबट पाणी होतं. माझी सगळी कहाणी एवढ्यावरच आहे.

दीपिका ही माडिया आदिवासी घरातली मुलगी. वडील लालसू, आई सोमारी, धाकटा भाऊ अंकुश. आश्रमशाळेत शिकली, नागपूरला शिकली, आणि शिष्यवृत्ती मिळवून जंगलाचं शास्त्र शिकायला स्पेनला आली. साल सोलणाऱ्या माणसांबरोबर ती उन्हातान्हात हिंडली. सुट्टीत तोरोला द्राक्षं तोडायला गेली. निघताना मळ्याच्या मालकिणीनं तिच्या हातात दोन बाटल्या ठेवल्या. एका बाटलीत मी होतो. दुसरीतलं बूच माझ्याच सालीतून निघालेलं, म्हणजे माझा भाऊच.

ती सुट्टीला घरी निघाली, पण तिच्या गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी आहे. दीपिकानं आम्हाला टॉवेलात गुंडाळलं, त्यावर आईसाठी घेतलेला स्वेटर चढवला, आणि आलापल्लीहून पिशवी मांडीवर घेऊन एसटीत बसली. रस्ता असा की स्पेन ते नागपूर आम्हाला जेवढे धक्के बसले नाहीत तेवढे त्या एका प्रवासात बसले. घरी ही माणसं माडियात बोलत. मी त्यांचं बोलणं तुमच्यासाठी मराठीत आणलं आहे, तिकडच्या मराठीत. मला माडिया कशी कळते असं विचारू नका. झाडाच्या सालीला सगळ्याच भाषा सारख्याच परक्या, म्हणून सारख्याच कळतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात बैठक बसली.

"एक आज फोडू. दुसरी नाई," दीपिका म्हणाली.

"काऊन? दुसरीत काय वेगळं आहे?" अंकुशनं विचारलं.

"काईच नाई. तेच आहे. पण थांबली का वेगळं होते."

लालसूला हे पटलं नाही. "थांबली का दारू बिघडते. मोहाची आज काढा, आज पेवा. हे कोणतं नवीन?"

माझ्या भावाला दीपिकानं पेचाच्या हत्यारानं ओढून काढलं. तो हातोहात फिरला. सोमारीनं त्याचा वास घेतला, दाबून पाहिलं आणि विचारलं, "एवढी साल काढतात तं झाड मरत नाई?"

"नाई वो माय. नवीन साल येते."

"मंग बरं," सोमारी म्हणाली. तिच्या गावात डिंकासाठी आणि सालीसाठी सोललेली, मग वाळून गेलेली झाडं तिनं पाहिली होती.

लालसूनं पहिले थेंब जमिनीवर सांडले. त्या घरात पूर्वजांना दिल्याशिवाय कोणी काही पीत नाही. "पुरख्यांनो, हे बाहेरगावचं आहे, तोंड वाकडं करू नका," असं तो म्हणाला आणि सगळे हसले.

मग दीपिका शिकवायला लागली. आधी रंग पाहायचा, मग पेला फिरवायचा, मग नाक घालायचं, शेवटी घोट तोंडात धरून ठेवायचा.

"नाकानं पेतात काय तिकडं?" लालसू म्हणाला.

सोमारीनं मात्र नाक घातलं आणि बराच वेळ काढलंच नाही. "जांभूळ," ती म्हणाली. "पिकून खाली पडलेलं. आन जळलेलं लाकूड. आन गाईच्या गळ्यातला पट्टा भिजला का येते ना, तो वास."

"पट्टा मले नाई आला," दीपिका म्हणाली. तिनं पुन्हा वास घेतला. "आला वो माय! आला!"

पहिला घोट घेतल्यावर अंकुशचं तोंड आखडलं. तेंदूच्या फळाला तिकडे टेंभरं म्हणतात. कच्चं चावलं की जीभ टाळूला चिकटून बसते. "हे तं कच्चं टेंभरं आहे," तो म्हणाला.

"बरोबर बोलला. कच्चंच आहे," दीपिका म्हणाली. "टेंभरं झाडावर पिकते, हे शिशीत पिकते. शिकणं संपलं का मी कायमची घरी येईन. तवा ही दुसरी फोडू. तवा पाह्य माय, घशातून अशी जाईल का तुले समजणार बी नाई. तुरटपणा राह्यणारच नाई."

"आन नाई झाली तशी तं?"

"होईल. मी सांगून राह्यलो ना. फक्त आडवी ठेवजो, अंधारात, गार जागी."

तिकडे बायकासुद्धा 'मी जातो, मी सांगतो' म्हणतात. दीपिकाही तसंच म्हणायची, स्पेनहून आल्यावरही. सोमारीनं त्या 'सांगून राह्यलो'वर विश्वास ठेवला. तिच्या नवऱ्यानं ठेवला नाही.

मला धानाच्या ढोलीत आडवं ठेवलं गेलं. ढोली म्हणजे बांबूची, शेणानं लिंपलेली कणगी. आत अंधार आणि गारवा. वाइन माझ्या अंगाला लागून असे. मी ओला होतो, घट्ट होतो. तुरटपणा निवायला लागला होता, मला ते आतून कळत होतं. सोमारी धान काढायला आली की हात खोल घालून बाटली चाचपायची. "निज, निज," म्हणायची आणि वरून धान सारून ठेवायची. कोणी विचारलं तर सांगायची, "पिकून राह्यली." दीपिका स्पेनला परतली होती. फोन करायला अंकुशला टेकडीवर चढावं लागे, तिथेच रेंज मिळे. फोनवर सोमारीचा पहिला प्रश्न जेवलीस का आणि दुसरा आमच्याबद्दल. "अजून वेळ आहे माय," दीपिका सांगायची. माझे चांगले दिवस तेवढेच.

मग महामारीचं वर्ष आलं. विमानं थांबली, एसट्या थांबल्या. एका सकाळी अंकुश टेकडीवर गेला, आणि खाली आला तो रडत-रडतच. दीपिका तिकडच्या दवाखान्यात वारली होती. तिच्या मैत्रिणीनं फोन केला होता. तिला तिथेच पुरलं. घरचं माणूस माती टाकायला नव्हतं, शेवटचा चेहराही कोणी दाखवला नाही.

मित्रांनो, सोमारी त्या दिवशी रडली नाही. ती ढोलीपाशी आली, दोन्ही हात खांद्यापर्यंत धानात घातले आणि बाटली बाहेर काढली. पदरानं पुसली. मग घराच्या आतल्या कोपऱ्यात, चुलीच्या पलीकडे, जिथे पूर्वजांची जागा आहे तिथे तिनं बाटली नेली आणि उभी ठेवली.

अंकुश दारात होता. तो मोठ्या बहिणीला बाई म्हणायचा. "माय," तो म्हणाला, "बाईनं आडवी ठेवा म्हणून सांगतलं होतं."

सोमारीनं त्याच्याकडे पाहिलं. "आडवी तं ती आहे," ती म्हणाली. "तिकडं परक्या मातीत निजली आहे. मी रोज हिले निज-निज म्हटलं, आन ती निजली. आता हिले मी निजवणार नाई."

अंकुश त्यावर पुन्हा कधी बोलला नाही. तुम्ही असतात तर बोलला असतात का? मी तर मुकाच. आणि खरं सांगू, मला तोंड असतं तरी त्या बाईसमोर ते उघडलं नसतं.

चुलीची धग आणि धूर दिवसातून दोनदा माझ्यावर येई. बाहेर एप्रिल-मे म्हणजे पानंसुद्धा करपतात. वाइन माझ्यापासून खाली सरकली होती. तिच्या-माझ्यामध्ये बोटभर पोकळी होती आणि ती मला ओलांडता येत नव्हती. आधी माझं वरचं टोक वाळलं, मग मधला भाग, मग खालचंही. एका उन्हाळ्यात माझ्या अंगाला चीर गेली. तिच्यातून हवा आत जाऊ लागली. आतला वास बदलला. आधी जांभूळ गेलं. मग जळलेलं लाकूड गेलं. चामड्याचा वास काही दिवस टिकला, मग तोही गेला आणि नाकात शिरणारा आंबट वास उरला. माझ्या डोळ्यांदेखत म्हणावं, तर मला डोळे नाहीत. पण ती माझ्या अंगाखाली मेली आणि मला काही करता आलं नाही. बाहेरून बाटली तशीच दिसत होती, उलट पुसून-पुसून जास्तच चकचकीत झाली होती.

कारण सोमारी रोज तिला पुसत असे. दीपिकाचं बाकी सगळं संपून गेलं होतं. तिचं लग्न, तिची नोकरी, तिचं घरी येणं, काहीच आता व्हायचं नव्हतं. एकच गोष्ट अजून व्हायची राहिली होती, ही वाइन पिकायची. म्हणून सोमारी जगाला सांगे, "माझ्या पोरीची दारू पिकून राह्यली." असं सांगताना तिचा आवाज जरा उजळायचा. तो ऐकला की मला माझ्या चिरेची लाज वाटे.

एकदा गावातल्या बायकांचा दारूबंदीचा गट घरोघर फिरत आला. पुढे बायनाबाई होत्या. त्या गावाच्या दुसऱ्या टोकाला, बुद्धविहाराजवळ राहत. दारूनं त्यांचा भाऊ खाल्ला होता, म्हणून त्या कोणालाही सोडत नसत. आजवर कितीतरी मडकी त्यांनी फोडली होती. त्यांनी कोपऱ्यातली बाटली उचलली. माझ्या मनात आशा आली, हो, आशाच म्हणतो, की आता ही बाई बाटली दगडावर आपटेल आणि कोणाला काही चाखावं लागणार नाही.

"हे काय वो सोमारी?"

"दीपिकाची आहे."

दीपिकाला त्यांनी लहानपणी अंकगणित शिकवलं होतं. मग त्यांनी दोन्ही हातांनी बाटली पूर्वीच्या जागी ठेवली, हलते का पाहिलं, आणि सरळ केली. अगदी सरळ. "या घरात काई नाई," त्या बाहेरच्या बायकांना म्हणाल्या. त्यांची माया खरी होती, मित्रांनो. माझ्या वाट्याला आलेली सगळीच माया खरी होती.

माडिया लोकांत गेलेल्या माणसाच्या नावानं दगड उभा करतात. लगेच नाही, घराला जमेल तेव्हा, कधी कधी फार वर्षांनी. दीपिकाचा दगड या वर्षी उभा राहिला. पुरुषांनी तो नाल्याकाठून खांद्यावर आणला, वाटेच्या कडेला पुरला. नातेवाईक जमले, ढोल वाजले. मोहाची दारू होतीच. पण सोमारीनं सांगून ठेवलं होतं, आधी दीपिकाची फुटेल. बायनाबाईही आल्या होत्या आणि त्या दिवशी त्यांनी कोणालाच काही म्हटलं नाही.

अंकुशनं तेच पेचाचं हत्यार माझ्यात घुसवलं. मी अर्धा चुरगळलो, तरी एका तुकड्यात निघालो. त्याआधीच वास बाहेर आला होता. अंकुशच्या नाकात तो शिरला आणि त्याचा हात थांबला. मी त्याच्या मुठीत होतो. त्यानं वडिलांकडे पाहिलं. लालसूनं वास घेतला आणि मान खाली घातली.

"काऊन थांबले?" सोमारी म्हणाली. "आण इकडं."

तिनं स्वतः दगडाच्या पायाशी पहिले थेंब सांडले. मग पानाच्या द्रोणात थोडी घेतली. तिला दीपिकाचं सगळं आठवत होतं. तिनं रंग पाहिला. लाल जाऊन विटेसारखा तपकिरी झाला होता. तिनं द्रोण हलवला. नाक घातलं. मग तिनं घोट घेतला.

सगळी माणसं तिच्या तोंडाकडे पाहत होती.

तिचे डोळे मिटले, गाल आत ओढले गेले. बराच वेळ तिनं घोट तोंडातच धरला, दीपिकानं शिकवलं होतं तसा. गिळला. मग म्हणाली, "तुरट नाई. तिनं सांगतलं होतं तुरटपणा राह्यणार नाई. नाई राह्यला." आणखी एक घोट घेऊन म्हणाली, "आंबट आहे. तिले आंबटच आवडे. लहानपणी मुंग्यांची चटणी माझ्या ताटातून उचलून खाये."

"हो माय," अंकुश म्हणाला.

"मी उभी ठेवली," सोमारी म्हणाली. "त्यानं काई झालं तं नाई ना?"

"नाई माय. पिकली का अशीच होते."

लालसूनं आपला द्रोण एका दमात रिकामा केला. त्यानं तोंड वाकडं केलं नाही. नातेवाइकांनी घोट-घोट घेतला, चांगली आहे म्हणाले. बायनाबाईंनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. त्यांनीही द्रोण ओठाला लावला आणि मान हलवली. अंकुश मला मुठीत घेऊनच एका झाडामागे गेला. तिथे ओकताना त्याचा मोठा आवाज झाला. ढोल वाजत होते म्हणून सोमारीला तो ऐकू गेला नसावा. किंवा गेला असेल. मला ठरवता येत नाही. उरलेली सगळी ती एकटी प्याली, घोट-घोट करत, उन्हं उतरेपर्यंत दगडापाशी बसून. मग अंकुशच्या हातातून तिनं मला मागून घेतलं, घरी आणलं, आणि कोनाड्यात ठेवलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुमच्याकडे काही मागतात. आम्हाला जपा म्हणतात, फेकू नका म्हणतात. मला जपायला कोणी कमी केलं नाही आणि मला माझ्यासाठी काहीही नको. पण तुमच्यातलं कोणी कधी एटापल्लीच्या पुढे गेलं, तर सोमारी तुम्हाला घरात बोलावील. कोनाड्यातून मला काढून तुमच्या तळहातावर ठेवील आणि सांगेल, माझ्या पोरीची दारू बरोबर पिकली होती. बाटली आडवी का ठेवतात, हे आता तुम्हाला माहीत आहे. ते तेवढ्या वेळापुरतं विसरा. तुम्ही शिकलेले दिसलात की ती हळूच विचारील, उभी ठेवल्यानं काही बिघडत असेल का. ती आल्या-गेल्या प्रत्येकाला विचारते. नाही म्हणा.